घरापासूनचं अंतर

४ सप्टेंबर

प्रिय वहिनी,

फोन उचलत नाहीस. उचललास तर "हं" म्हणतेस. परवा तू "हं" म्हणालीस की तिकडे खुर्ची सरकली, हेच मला कळलं नाही. म्हणून शेवटी पत्र लिहायला बसले. पत्राला "हं" एवढंच उत्तर पाठवायची तुलाही लाज वाटेल.

दादाला जाऊन दोन महिने होऊन गेले. हे वाक्य मी आज पहिल्यांदा लिहिलं, आणि लिहून झाल्यावर दुकानात जाऊन सगळ्या चष्म्यांच्या फ्रेमा उगाचच पुसून आले. तू तिथे त्या दोन खोल्यांत काय करत असशील, हे मी डोळ्यांसमोर आणायचा प्रयत्न करते, आणि काही येत नाही.

तर आता मुद्द्याचं. काउंटरवरची मुलगी नोव्हेंबरअखेर नोकरी सोडतेय. तुझं सत्रही तेव्हाच संपतं. तू राजीनामा दे आणि इकडे ये. दुकानाच्या वरची खोली रिकामी आहे, खिडकी रस्त्यावर उघडते. सातवीच्या चाळीस पोरांपुढे घसा फोडण्यापेक्षा माझ्या गिऱ्हाइकांपुढे उभं राहणं सोपं. "हे अक्षर दिसतंय का?" एवढंच विचारायचं. लोक दिसत नसलं तरी "दिसतं" म्हणतात, त्यांना हळूच पकडायचं. मजा येते.

आई मजेत आहे. तुझी आठवण काढते. नवीन खूळ एकच, संध्याकाळी दाराला कडी लावू देत नाही. म्हणते, हवा खेळती राहते. चोर आला तर तोही खेळता राहील म्हटलं, तर माझ्यावरच डाफरली.

विचार करायला वेळ घे, पण फार नको. मुलगी गेली की माझे हाल कुत्रा खाणार नाही.

तुझी,
टकळी

(दादाने ठेवलेलं नाव मी सोडणार नाही. आता तर मुळीच नाही.)


१२ सप्टेंबर

प्रिय टकळी,

तुझं पत्र दोनदा वाचलं. खोलीबद्दल वाचून बरं वाटायला हवं होतं. वाटलं असं लिहिते.

तू विचारतेस मी काय करते. उठते, शाळेत जाते, येते. ओट्यापाशी उभ्याउभ्या जेवते. मीठ विसरलं तर कळत नाही. शेजारच्या काकू म्हणतात, एकदा रडून मोकळी हो. एका रविवारी मी त्यासाठी मुद्दाम बसले. काही झालं नाही, मग कपडे धुवायला घेतले. मला वाईट वाटत नाही असं नाही. मला काहीच वाटत नाही, आणि त्याचंही काही वाटत नाही.

दादा गेल्यावर पुन्हा शाळेत गेले, त्या पहिल्या तासाला फळ्यावर "विरघळणे" असं लिहिलं. पुढे बोलायचं होतं. शब्द सगळे माहीत होते, वीस वर्षं तेच बोलतेय, पण ते तोंडाबाहेर काढायचं कारण सापडेना. पोरं बघत राहिली. मग मी कपाट उघडलं आणि कार्डांची पाकिटं काढली.

तुझ्या दादाने काढलेली. तू पाहिली असशील. ऑफिसात दिवसभर लोकांच्या घरांचे आराखडे काढायचे आणि घरी येऊन माझी कार्डं. चहातली साखर, तव्यावरचं लोणी, पाण्यातलं मीठ, उन्हातला बर्फ, जळती मेणबत्ती. एका कार्डावर एक चित्र. चौघांच्या गटाला एक पाकीट द्यायचं आणि त्यांनी टेबलावर ढीग करायचे. वितळतं, विरघळतं, आणि तिसरा ढीग "अजून ठरत नाही". उत्तर बाईंनी सांगायचं नाही. ते भांडतात, कार्ड या ढिगातून त्या ढिगात टाकतात, कारण द्यावं लागतं म्हणून देतात. साखर वितळते म्हणणाऱ्याला दुसरा विचारतो, मग पाणी न घालता नुसती साखर कपात ठेवली तर काय होईल. तिथून खरं शिकणं सुरू होतं. मी फक्त टेबलांमधून फिरायचं.

म्हणजे माझ्या सोयीचं. एक पाकीट दिलं की तास संपतो आणि मला बोलावं लागत नाही. आता गणितालाही कार्डं, विज्ञानालाही कार्डं. मुख्याध्यापिका दारातून डोकावल्या आणि खूश होऊन गेल्या.

नवीन गठ्ठ्यावर प्लास्टिक चढवून आणायला तो त्या शनिवारी सकाळी इथल्या झेरॉक्सच्या दुकानात गेला होता. तिथेच काउंटरपाशी खाली बसला आणि उठला नाही, हे तुला माहीत आहे. हे सांगितलं नव्हतं की दुकानदाराने तो गठ्ठा लगेच घरी आणून दिला. कार्डं तुझ्या दादाच्या आधी घरी पोचली. गठ्ठा मी अजून सोडलेला नाही.

राजीनाम्याचं बघते. आईला नमस्कार.

वहिनी


२५ सप्टेंबर

प्रिय वहिनी,

किती बरं वाटलं म्हणून सांगू! म्हणजे पत्रातल्या रडगाण्याने नव्हे, त्या पाकिटांनी. मुख्याध्यापिका खूश होऊन गेल्या, हे तू असं लिहिलंयस जसं काही दारातून मांजर डोकावून गेलं. अगं बाई, त्या खूश झाल्या म्हणजे तू चांगलं शिकवतेयस! हळूहळू रुळावर येतेयस, तुला कळत नाही एवढंच. बाहेरच्या माणसाला आधी कळतं.

आईला पत्र वाचून दाखवलं. म्हणजे जेवढं दाखवण्यासारखं तेवढं. तिने एकच धरलं. "शाळेत पत्ते कुटते? आणि पगार देतात?" मी समजावलं की ते खेळायचे पत्ते नव्हेत. ती म्हणाली, पोरांसमोर ठेवले की सगळे पत्ते खेळायचेच. यावर तुझ्याकडे उत्तर असलं तर पाठव.

मला दादाचं एक कार्ड हवं. जास्तीचं असेल ते दे, तुमचा ढीग मोडू नकोस. काउंटरच्या काचेखाली ठेवीन.

आणि एवढं चांगलं जमतंय तर दुकानातही जमेल. खोलीला रंग द्यायला घेतलाय. पिवळा नको असेल तर आत्ताच सांग, नंतर तोंड वाकडं करायचं नाही.

तुझी,
टकळी


९ ऑक्टोबर

प्रिय टकळी,

पिवळा चालेल.

तू म्हणतेस तशी मी रुळावर आहे असं इथेही सगळ्यांचं मत आहे. गेल्या आठवड्यात दुसऱ्या शाळांतले सहा शिक्षक माझा तास बघायला आले. मागे खुर्च्या टाकून बसले आणि लिहून घेत होते. एकाच्या वहीत नजर गेली, लिहिलं होतं, "शिक्षिका कमीत कमी बोलते. उल्लेखनीय." तासानंतर एक तरुण शिक्षिका हात धरून म्हणाली, "बाई, एवढं गप्प राहायला तुम्ही कशा शिकलात? मला तर राहवतच नाही." मी म्हटलं, सराव. तिने तेही लिहून घेतलं.

हसू आलं असतं अशी गोष्ट आहे. तू हसून घे.

तुला कार्ड हवं होतं म्हणून तो गठ्ठा सोडला. त्यात आलेखांची कार्डं आहेत. काही कार्डांवर गोष्ट, काहींवर आलेख, मुलांनी जोड्या लावायच्या. "एक बाई घरातून निघाली, दुकानात गेली, रांगेत थांबली, परत आली." असं. आलेखात उभ्या रेघेवर घरापासूनचं अंतर, आडव्या रेघेवर वेळ. सगळ्या जोड्या लागल्यावर एक आलेख उरतो, त्याला गोष्ट नसते. सोबत एक कोरं कार्ड असतं. त्या आलेखाची गोष्ट मुलांनी स्वतः लिहायची. हे आमचं दर वेळचं. उरलेला आलेख कुठला असावा, हे मी कधी सांगत नसे. मी म्हणायचे, तुला हवा तो काढ.

त्या वेळी त्याने जो काढला, तो पातळ कागद ठेवून गिरवला आणि सोबत पाठवते आहे. मूळ कार्ड मला लागेल. लागेल की नाही माहीत नाही, पण असू दे.

राजीनामा लिहिला आहे. पर्समध्ये आहे. सत्र संपताना देईन. तुझं म्हणणं बरोबर असावं, तिथे काय नि इथे काय.

वहिनी


२० ऑक्टोबर

प्रिय वहिनी,

राजीनामा लिहिलास! मी भर दुकानात ओरडले. एक आजोबा तपासणीला बसले होते, त्यांना वाटलं त्यांच्या डोळ्यात काहीतरी भयंकर निघालं.

दादाचं चित्र काचेखाली ठेवलंय. गणित माझ्या डोक्यावरून जातं हे तुला ठाऊक आहे, पण हे मला बघताक्षणी कळलं. आधी चढ, आणि मग लांबलचक सपाट रस्ता. टेकडी चढून माणूस वर आला आणि आता आरामात चालतोय, बरोबर ना? अगदी दादासारखं. त्याला चढ चढताना धाप लागायची, पण वर पोचला की शीळ घालायचा. मी येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवते.

आणि मला वाटलं, वहिनीचंही हेच. चढ संपलाय तुझा. आता सपाट रस्ता लागलाय, म्हणून तुला काही जाणवत नाही. सपाट रस्त्यावर पायांना कुठे काय जाणवतं?

खोली तयार आहे. आईला सांगितलंय की वहिनी येणार. तिला बरं वाटलं. दिवसा ती छान असते, संध्याकाळी तर... जाऊ दे, तू आल्यावर बोलू.

तुझी,
टकळी


२७ ऑक्टोबर

प्रिय टकळी,

तो रस्ता नाही.

ही चूक सातवीतली अर्धी मुलं करतात, म्हणून वाईट वाटून घेऊ नकोस. आलेख वर गेला की त्यांना टेकडी दिसते आणि आडवा गेला की मैदान. पण ते माणसाचं चित्र नाहीच. वर जाणारी रेघ म्हणजे तो घरापासून लांब जातोय. आडवी रेघ म्हणजे अंतर बदलत नाही. तो उभा आहे. वेळ चाललाय आणि माणूस जागच्या जागी.

तू माझ्याबद्दल जे लिहिलंस ते त्या अर्थाने बरोबर आहे. मी सपाट रेघेवर आहे. चालत नाही आहे.

आता मला सांग, संध्याकाळी काय? तू जन्मात कधी वाक्य अर्धवट सोडलं नाहीस. माझ्या लग्नात फोटोवाल्याने गप्प बसा म्हटल्यावरही तू वाक्य पूर्ण केलं होतंस, प्रत्येक फोटोत तुझं तोंड उघडं आहे. आईला काय होतंय?

वहिनी


८ नोव्हेंबर

प्रिय वहिनी,

हे पत्र लिहायला इतके दिवस लागले. तीन वेळा फाडलं.

आई विसरते. दिवसा कमी, संध्याकाळी जास्त. दिवे लागले की ती दारासमोर खुर्ची ओढून बसते आणि मला विचारते, "तो निघाला का गं?" पहिल्यांदा विचारलं तेव्हा मी खरं सांगितलं. वहिनी, तिने ते पहिल्यांदाच ऐकल्यासारखं ऐकलं. त्या दिवशी जसं ओरडली होती तशीच ओरडली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पुन्हा तेच विचारलं. मी पुन्हा सांगितलं, आणि पुन्हा तेच. मग माझा धीर सुटला. मी म्हटलं, "हो, निघालाय. रस्त्यात आहे."

तेव्हापासून रोज तेच म्हणते. ती शांत बसते आणि वाट बघते. म्हणून कडी लावू देत नाही. हवेचं मी तुला खोटं सांगितलं. उशिरा कधीतरी खुर्चीतच तिचा डोळा लागतो, मग मी तिला आत नेते, आणि कडीच्या आवाजाने जागी होईल म्हणून दार नुसतं लोटून घेते.

मी दुकानात दिवसभर बडबडते आणि दिवे लावायची वेळ आली की घरी जायच्या आधी सगळ्या फ्रेमा पुन्हा एकदा पुसते. डॉक्टर म्हणतात, वयाचं आहे, तिच्या कलाने घ्या. कल कुठे आहे ते मला दिसत नाही. माझाच भाऊ, आणि तो रस्त्यात आहे असं मी रोज माझ्या तोंडाने म्हणते. आता कधीकधी मलाच पावलं ऐकू येतात.

तुला बोलावलं ते तुझ्या काळजीने, असं मी मलाही सांगत होते. पण खरं म्हणजे मला एकटीला हे झेपत नाही. तू आलीस तर निदान एक दिवसाआड तू खोटं बोलशील.

हे वाचून यायचं नसेल तर येऊ नकोस. खोलीला रंग दिलाय म्हणून काही तू बांधील नाहीस.

टकळी


२३ नोव्हेंबर

प्रिय टकळी,

तुझं पत्र आलं त्या दिवशी मला काहीतरी वाटायला हवं होतं. मी ते घडी करून पर्समध्ये राजीनाम्याशेजारी ठेवलं आणि शाळेत गेले. रोज ठरवायचे, आज राजीनामा देऊ. रोज राहून जायचं. काल सत्राचा शेवटचा आठवडा सुरू झाला, म्हणून म्हटलं, तो आलेखांचा गठ्ठा एकदा वर्गात वापरून टाकू आणि मग देऊ.

पाकिटं वाटली. जोड्या लागल्या. तो आलेख उरला.

वर्गात एक मुलगी आहे, तिला सगळे वकीलबाई म्हणतात. ती हट्टाला पेटली की टेबल बडवते. ती तुझंच म्हणत होती, टेकडी आणि मग सपाट रस्ता. तिच्या गटातल्या मुलाने तिला खोडून काढलं. म्हणाला, अंतर बदलतच नाही, म्हणजे तो थांबलाय. बराच वेळ जुंपली होती. शेवटी वकीलबाई म्हणाली, "बरं, थांबला. थांबला तर रेघ का थांबली नाही? ती तर कार्डाच्या कडेपर्यंत चाललीय. थांबलेल्या माणसाची रेघ पुढे कोण ओढतंय?"

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. अशा वेळी मी पुढच्या टेबलाकडे जाते. काल पाय हलले नाहीत आणि मी बोलले. आवाज कुठून आला माहीत नाही, बरेच दिवस न सोडलेल्या नळासारखा खरखरला.

मी म्हटलं, "कारण घड्याळ त्याच्या हातात नाही. घरी बसून जो त्याची वाट बघतोय, त्याच्या हातात आहे."

मला वाटलं, त्यांना समजलं नसेल. पण वकीलबाईने मान डोलावली, कोरं कार्ड ओढलं आणि लिहायला लागली. तिने लिहिलं ते जसंच्या तसं देते.

"एक माणूस घरातून निघाला. चालत चालत जिथे पोचायचं तिथे पोचला. आता तो तिथेच आहे."

मी विचारलं, परत का आला नाही ते लिहायचं नाही का? ती म्हणाली, "ते आलेखात कुठंय बाई? दिसतं तेवढंच सांगायचं. पाकिटावर लिहिलंय की." मी पाकीट बघितलं. खरंच लिहिलं होतं, तुझ्या दादाच्या अक्षरात, प्रत्येक पाकिटावर. दिसतं तेवढंच सांगा. ते वाक्य मीच त्याला कधीतरी सांगितलं असणार.

तास संपल्यावर स्टाफरूममध्ये जाऊन बसले. रडले नाही, तुला खोटं कशाला सांगू. पण भूक लागली. डबा उघडला, बसून खाल्ला, आणि भाजीत मीठ जास्त झालं होतं. मला ते कळलं, टकळी. मी तिथेच बसून राहिले, खारट तोंडाने.

राजीनामा दिला नाही. त्याची मागची बाजू कोरी होती, त्याची कार्डं कापली. कागद पातळ आहे, पुढच्या सत्रापर्यंत टिकायची नाहीत. आणि मी पुढच्या सत्राला इथे असणार आहे. काल मी एक वाक्य बोलले, आता मला दुसरं बोलून बघायचं आहे. रागावू नकोस. सुट्टी लागली की येते, पूर्ण सुट्टी राहते, आणि संध्याकाळी आईजवळ मी बसते. पुढच्या सुट्टीत पुन्हा येईन. पिवळ्या खोलीत दुसऱ्या कुणाला ठेवू नकोस.

पण तोवर थांबू नकोस. आईला "निघालाय" म्हणू नको. निघालेल्या माणसाची वाट बघावी लागते, तिलाही आणि तुलाही. "पोचला" म्हण. ते खोटं नाही. दिसतं तेवढंच आहे.

वहिनी


१ डिसेंबर

प्रिय वहिनी,

रागावले होते. दोन दिवस. मग पुरे झालं. काउंटरला दुसरी मुलगी बघते. तुझी खोली तुझीच आहे, आणि पिवळा रंग वाळल्यावर भलताच भडक निघालाय, आता बस त्यात.

तू सांगितलंस ते लगेच जमलं नाही. संध्याकाळ झाली की जीभ आपोआप "निघालाय" म्हणायची. काल दिवे लावले, तिच्या खुर्चीजवळ खाली बसले आणि तिचा हात धरून ठेवला. तिने विचारलं, "तो निघाला का गं?"

मी म्हटलं, "पोचला, आई."

"कधी?"

"बरेच दिवस झाले."

वाटलं, आता ओरडेल. तिने माझ्याकडे नीट निरखून पाहिलं, गिऱ्हाईक बारीक अक्षर बघतं तसं. म्हणाली, "नीट पोचला ना?"

मी म्हटलं, "हो. नीट पोचला."

ती बराच वेळ काही बोलली नाही. मीही नाही, बघ, मीही नाही. मग ती खुर्चीच्या हाताला धरून उठली आणि माझ्यावरच खेकसली, "मग दार सताड उघडं टाकून काय बसलीयस? कडी लाव."

इतक्या महिन्यांत वापरली नव्हती, गंजून घट्ट बसली होती. दोन्ही हातांनी लावावी लागली.

टकळी